झोपेशी भांडून जाग येत नाही

दरवर्षी 1 डिसेंबरला जपानमधल्या झेन मठांत वर्षातला सर्वांत कडक आठवडा सुरू होतो. 8 डिसेंबर हा तिकडे बुद्धाच्या ज्ञानप्राप्तीचा दिवस मानतात आणि त्या पहाटेपर्यंत चालणाऱ्या या ध्यानशिबिराला ‘रोहात्सु सेश्शिन’ म्हणतात. रिंझाई पंथाच्या अनेक मठांत हा आठवडा म्हणजे एकच अखंड दिवस धरला जातो. साधक त्या काळात अंथरुणाला पाठ टेकत नाहीत. बसल्या जागी जो डोळा लागेल तेवढीच झोप. झेनबद्दल जगभर जे कुतूहल आहे, त्यात या कडकपणाचा वाटा मोठा आहे आणि त्यातूनच एक सोपे समीकरण रूढ झाले आहे: जो कमी झोपला, ज्याने जास्त सोसले, त्याची साधना मोठी. हे समीकरण चुकीचे आहे, असे माझे मत आहे. दीर्घ शिबिरात शिस्त हवीच, वेळापत्रकही कडक हवे. पण जागे राहण्याचे काम ज्याचे त्याने करायचे असते. ते दुसऱ्याच्या हातातल्या काठीवर किंवा मोडलेल्या झोपेवर सोपवले, की उरते ती सहनशक्तीची परीक्षा. तिला ध्यान म्हणता येत नाही.

सेश्शिनमधली, म्हणजे अशा दीर्घ ध्यानशिबिरातली, अडचण बाहेरून वाटते त्याहून वेगळी असते. पहिल्या एक-दोन दिवसांत गुडघे आणि पाठ बोलू लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण दुखणाऱ्या गुडघ्याने माणूस निदान जागा तरी राहतो. खरी पंचाईत होते ती दुखणे अंगवळणी पडल्यावर. जेवणानंतरच्या बैठकीत सभागृह शांत असते, नजर हातभर अंतरावर खाली टेकवलेली असते आणि मन अलगद गुंगीत उतरते. ही गुंगी फसवी असते, कारण ती शांततेसारखीच वाटते. यावर झेनने काढलेला उपाय प्रसिद्ध आहे. सोतो पंथात साधक भिंतीकडे तोंड करून बसतात. देखरेख करणारा भिक्षू हातात लांब, टोकाकडे चपटी होत गेलेली लाकडी पट्टी घेऊन त्यांच्या पाठीमागून आवाज न करता फिरतो. हीच ती काठी; तिला क्योसाकु म्हणतात. पेंगणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर तो ती आधी नुसती टेकवतो. साधक हात जोडतो, मान डावीकडे कलवतो आणि खांद्याच्या मांसल भागावर सपकन फटका बसतो. मग दोघांचा नमस्कार होतो आणि पट्टी पुढे सरकते. ज्याला स्वतःहून फटका हवा असेल, त्याने हात जोडून बसायचे, एवढेच. फटका बसतो एकाला, पण त्या आवाजाने अख्खी ओळ ताठ होते.

ही शिक्षा नव्हे, मदत आहे, असे झेनचे जाणकार सांगतात आणि ते खरेही आहे. आखडलेला खांदा त्याने मोकळा होतो, आणि मागून घेतलेल्या फटक्यात अपमान नसतो. प्रश्न उरतो तो या मदतीच्या मर्यादेचा. माणसाची दक्षता किती टिकते, याचा अभ्यास ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या रडार निरीक्षकांच्या निमित्ताने केला. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लोकांना घड्याळासारख्या तबकडीवर फिरणाऱ्या काट्याची क्वचित होणारी दुहेरी उडी टिपायची होती. पहिल्या अर्ध्या तासातच त्यांच्या चुका वाढल्या. एका सुरातल्या कामात लक्ष ढळते ते आळसामुळेच, असे मानण्याचे कारण त्यामुळे उरत नाही. झेनच्या जुन्या व्यवस्थेत याची जाण दिसते. तिथे बैठक उदबत्तीच्या जळण्यावर मोजतात. ती साधारण अर्ध्या-पाऊण तासाची असते आणि दोन बैठकांच्या मध्ये किन्हिन, म्हणजे रांगेने सावकाश चालणे असते. दक्षता टिकवण्याचे मोठे काम ही व्यवस्था करते. पट्टीचे काम त्यामानाने किरकोळ आहे.

झोपेची काटछाट मात्र नेमकी उलट दिशेने काम करते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हान्स व्हॅन डॉन्गन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 48 निरोगी प्रौढांच्या झोपेवर प्रयोग केला. सलग चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलेल्यांची लक्ष देण्याची क्षमता उतरत गेली. शेवटी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, आपली घसरण त्यांच्या फारशी लक्षातच आली नाही. सुरुवातीच्या दिवसांनंतर ‘मला किती झोप येते आहे’ या प्रश्नाचे त्यांचे उत्तर जवळपास स्थिर राहिले आणि चुका मात्र वाढत गेल्या. स्वतःच्या मनाचे बारकाईने निरीक्षण करायला बसलेल्या माणसासाठी याहून वाईट बातमी नाही. ज्या साधनाने निरीक्षण करायचे तेच बोथट होते आणि ते बोथट झाल्याचे कळतही नाही. अशा अवस्थेत आलेल्या अनुभवांना अंतर्दृष्टी म्हणावे की थकलेल्या मेंदूचे खेळ, हे साधकाला तरी कसे ठरवता यावे?

बौद्ध परंपरेला हा प्रश्न नवा नाही. पाली त्रिपिटकातल्या अंगुत्तर निकायात शिष्य मोग्गल्लान ध्यानात पेंगत असताना बुद्धाने त्याला सांगितलेले उपाय एकापुढे एक येतात. ज्या विचारात झोप आली तो सोडून दे. नाही जमले तर ऐकलेल्या धम्माचे चिंतन कर, मग त्याचे मोठ्याने पठण कर. तेही पुरले नाही तर कान ओढ, हातपाय चोळ; ऊठ, डोळ्यांना पाणी लाव, चारही दिशांना आणि आकाशातल्या ताऱ्यांकडे बघ. मनात दिवसाचा उजेड आण. येरझारा घाल. एवढे करूनही झोप हटली नाही तर उजव्या कुशीवर नीट झोप आणि जाग येताच लगेच ऊठ. ही यादी वाचताना दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. प्रत्येक उपाय पेंगणाऱ्यानेच स्वतःवर करायचा आहे. त्यात दुसऱ्याचा हात कुठेच नाही. आणि शेवटचा उपाय झोप हाच आहे. तिला हार मानलेले नाही. अट एवढीच की आधीचे उपाय प्रामाणिकपणे करून झालेले असावेत.

यावर खुद्द झेनच्या इतिहासातून कडक आक्षेप येईल. जपानमध्ये सोतो पंथाचा पाया घालणारे डोगेन (1200–1253) ज्या चिनी गुरूकडे शिकले, ते रुजिंग रात्री उशिरापर्यंत बसत, पहाटे पुन्हा फार लवकर उठत आणि पेंगणाऱ्या भिक्षूंना मुठीने किंवा पायातल्या चपलेने मारत, असे डोगेन यांनीच शिष्यांना सांगितले आहे. बैठकीची वेळ कमी करा, भिक्षू थकले आहेत, ही विनंती रुजिंग यांनी झिडकारली. शेजारी पेंगणाऱ्या भिक्षूला बसलेल्या बोलांनीच डोगेन यांना साक्षात्कार झाला, अशीही परंपरा आहे. मग काठीला नावे कशी ठेवायची? पण विनंती झिडकारताना रुजिंग यांनी दिलेले कारण ध्यानात घ्यावे. ज्याच्या मनात साधनेची आस नाही, तो थोडा वेळ बसला तरी झोपणारच, असा त्याचा आशय होता. म्हणजे जागेपणाचे मूळ आस आहे, हे त्यांनाही मान्य होते. आस चपलेने निर्माण होत नाही. फार तर असलेली आस हलवून जागी करता येते. परंपरेच्या कथेतही जाग आली ती बोल न बसलेल्या, आधीच सावध असलेल्या डोगेन यांना. शिवाय रुजिंग यांचे भिक्षू आयुष्यभर त्याच दिनक्रमात मुरलेले होते. नोकरीतून आठवड्याची रजा काढून आलेल्या माणसाला तोच नियम लावणे म्हणजे परंपरा पाळणे नव्हे.

अतिरेकाचे फळ काय असते, याचा दाखलाही याच परंपरेत मिळतो. 1686 साली जन्मलेले हाकुइन हे रिंझाई पंथाचे पुनरुज्जीवन करणारे आचार्य. झोप येऊ नये म्हणून स्वतःच्या मांडीत टोच्या खुपसणाऱ्या एका चिनी साधकाची गोष्ट तरुणपणी वाचून ते भारावले आणि तशाच त्वेषाने साधनेला लागले. पुढे त्यांना जो विकार जडला, त्याला ‘झेनरोग’ म्हणतात. डोके तापलेले, पाय बर्फासारखे गार, कानांत सतत आवाज आणि मन कशालाही घाबरणारे, असे त्याचे वर्णन त्यांनी ‘यासेन कान्ना’ या 1757 सालच्या पुस्तकात केले आहे. एका एकांतवासी साधूकडून शिकलेल्या, शरीर सैल करणाऱ्या ध्यानाने आपण बरे झालो, असे ते सांगतात. त्यांनी कठोर साधना सोडली नाही. पण शिष्यांना प्रखर प्रयत्नांबरोबर शरीर राखण्याची विद्याही दिली. टोच्याची गोष्ट आवडीने सांगणाऱ्यांनी पुढचे हे दुखणेही सांगायला हवे.

काठी काढली तर सगळे झोपतील, हा व्यावहारिक आक्षेप उरतो. त्याला प्रत्यक्षातले उत्तर आहे. कोशो उचियामा 1965 ते 1975 या काळात क्योटोच्या अंताइजी मठाचे प्रमुख होते. त्यांच्या सेश्शिनमध्ये प्रवचन नव्हते, पठण नव्हते, गुरूची भेट नव्हती आणि काठीही नव्हती. पहाटे 4 ते रात्री 9 पर्यंत पन्नास मिनिटे बसणे, दहा मिनिटे चालणे, अशा चौदा बैठका आणि तीन जेवणे, असे पाच दिवस चालत. काठीही मन रमवायचे खेळणे होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे होते. फटका कधी बसतो याची वाट पाहणे, तो घेऊन हुशारी वाटणे, हेही लक्ष ढळणेच आहे. खेळणी काढून घेतली की कंटाळा, गुंगी आणि आपण, एवढेच उरते. आपल्याकडे इगतपुरीच्या धम्मगिरीवर पद्धत वेगळी, विपश्यनेची आहे. पण तिथेही पहाटे 4 ला घंटा होते, दिवसाला दहा तासांच्या आसपास ध्यान होते, रात्री 9:30 ला दिवे मालवतात आणि काठी कोणाच्याच हातात नसते. तासभर न हलता बसण्याचा निश्चय तिथे साधक स्वतः करतो. या दोन्ही ठिकाणचे वेळापत्रक ढिले आहे, असे कोणी म्हणणार नाही.

उलट बाजूचा आक्षेपही दुर्लक्षून चालणार नाही. शरीर मागेल तेव्हा झोपायचे असेल, तर शिबिराला जायचेच कशाला? हा प्रश्न योग्य आहे. हल्ली आराम आणि ध्यान एकाच पाकिटात विकणारी शिबिरे निघाली आहेत, त्यांना तो विचारलाच पाहिजे. दर वेळी उठून खोलीकडे जाणारा माणूस गुंगीचे स्वरूप कधीच पाहू शकत नाही. ती कुठून चढते, कोणत्या विचारामागे लपते, पाठीचा कणा आधी कुठे ढळतो, हे जागेवर टिकूनच कळते. म्हणून स्वयंशिस्त पुढच्या साध्या गोष्टींत दिसायला हवी: डोळे न मिटणे, कणा ढळला की लगेच सावरणे, ताटात कमी वाढून घेणे, मोकळ्या वेळात गप्पा किंवा मोबाईल न करता पाठ टेकणे, आणि रात्रीचे दिवे मालवल्यावर ‘मी अजून बसतो’ हा मोह टाळणे. यातला शेवटचा नियम अनेकांना उलटा वाटेल. पण वेळेवर झोपणे हाही वेळापत्रकाचाच भाग आहे आणि तो मोडणारा उद्या सकाळची बैठक आजच खर्च करतो.

जागे कोणी करायचे, या प्रश्नाला आणखी एक गंभीर बाजू आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या काळात जपानच्या अनेक झेन आचार्यांनी हीच शिस्त, हेच निमूट सोसणे सैन्याच्या सेवेला दिले. ब्रायन व्हिक्टोरिया यांच्या 1997 च्या ‘झेन अॅट वॉर’ने ते तपशीलवार मांडले; सोतो पंथाने त्याआधीच, 1992 मध्ये, आपल्या सहभागाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला होता. काठीमुळे युद्ध झाले, असे कोणी म्हणणार नाही. पण हुकमाने जागा होणारा माणूस हुकमाने बरेच काही करू शकतो, एवढे त्यातून शिकता येते. म्हणून शिबिराला नाव नोंदवण्यापूर्वी गुरूच्या कीर्तीइतकीच चौकशी काही साध्या गोष्टींची करावी. झोपेचे तास किती, काठी असेल तर ती मागितल्यावरच मिळते का, आणि ‘आता पुरे’ म्हणणाऱ्याशी तिथे कसे वागतात? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारे शिबीर कितीही कडक असले तरी जावे. ती द्यायला टाळाटाळ करणाऱ्या ठिकाणी शिस्तीच्या नावाखाली आज्ञाधारकपणा शिकवला जातो, आणि तो शिकायला आठ दिवस गप्प बसण्याची गरज नाही.