जत्रा उठली, पालं तशीच

डिस्क इमेज म्हणजे आख्खी सीडी एका फाइलीत भरलेली. विंडोज ८पासून (२०१२) आयएसओवर एंटर मारलं की ती नव्या ड्राइव्हसारखी उघडते. छान सोय. पण काम झाल्यावर ती काढायची कोणी? चैत्रातली सप्तशृंगगडाची जत्रा उठली तरी वणीच्या रस्त्याला पालं तशीच राहावीत, तसं हे.

आता तुम्ही म्हणाल, पडू दे की, डिस्क काय स्वस्त आहे! मुद्दा जागेचा नाहीच. (विंडोज ११ची आयएसओ पाच जीबीच्या वर असते, तेही आहेच म्हणा.) वणीचा माझा एक दृष्टिहीन मित्र एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर वापरतो. नको असलेली फाइल आपण नजरेने ओलांडतो. त्याला ती ऐकावी लागते. 'सेटअप अंडरस्कोर एक्स सिक्स्टी फोर अंडरस्कोर फायनल टू...' अशा चार फायली म्हणजे रोजचा वैताग. बरं, इमेज जोडलेली असताना फाइल डिलीट करायला जा, ती वापरात आहे म्हणून विंडोज अडवतं. आधी 'धिस पीसी'त त्या ड्राइव्हवर शिफ्ट-एफ१० दाबून इजेक्ट, मग डाउनलोड्समध्ये जाऊन डिलीट.

त्याला हे सगळं येतं हो, माझ्यापेक्षा भराभर. माझं म्हणणं आपल्या जमातीला आहे, इन्स्टॉलर लिहिणाऱ्यांना. शेवटच्या पडद्यावर 'इमेज काढून टाकू का?' विचारणारं एक बटण द्या, त्याला स्क्रीन रीडर वाचेल असं लेबल लावा, आणि फाइलीला कानाला कळेल असं नाव ठेवा. दोन दिवसांचं काम. त्या बटणावर 'फिनिश' लिहितो ना आपण?