संघ कुणाच्या मालकीचा?

फुटबॉलवर लिहावयाचे म्हटले की गोलांची व चषकांची यादी द्यावी असा प्रघात आहे. ह्या लेखात गोल आहेत, चषकही आहेत. परंतु मला विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. एखादा संघ नेमका कुणाचा असतो? त्याला पैसा पुरविणाऱ्याचा, त्याला हुकूम देणाऱ्याचा, त्यातून खेळणाऱ्यांचा, की ज्या गल्लीत तो जन्मला त्या गल्लीचा? ह्या प्रश्नाचा विचार करू लागलो की हंगेरीतील होन्वेद ह्या क्लबाचा इतिहास माझ्यासमोर उभा राहतो. तो जितका वैभवाचा, तितकाच दुःखाचा आहे.

बुडापेस्टच्या दक्षिणेकडील किशपेश्त हे पूर्वी एक स्वतंत्र गाव होते. नावाचा अर्थच 'छोटे पेश्त'. १९५० साली ते राजधानीत सामील झाले. तेथे १९०९ साली एक क्लब निघाला. १९२६ चा हंगेरी चषक सोडला तर पहिल्या चाळीस वर्षांत त्याच्या नावावर फारसे काही नाही. राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे विजेतेपद तर एकदाही नाही. पण ह्याच वस्तीत दोन मुले शेजारीशेजारी वाढत होती. एक योझेफ बोझिक आणि दुसरा त्याच्याहून धाकटा फेरेंत्स पुश्काश. पुश्काशचे वडील ह्याच क्लबाचे खेळाडू व पुढे प्रशिक्षक. पोराचे वय नियमात बसेना, म्हणून मिक्लोश कोवाच अशा खोट्या नावाने त्याची नोंद करण्यात आली, एवढी त्याला खेळण्याची घाई! घरचे व शेजारचे लोक त्याला 'ओची' म्हणत. आपल्याकडे एखाद्याला 'बाळ्या' म्हणतात, तसेच ते. हा बाळ्या पुढे जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंत गणला गेला, तरी त्याचे ते नाव सुटले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरीत साम्यवादी राजवट आली आणि १९४९ साली क्लबांचेही राष्ट्रीयीकरण झाले. एक क्लब पोलिसांकडे, एक गुप्त पोलिसांकडे, एक अन्नपदार्थ कामगारांच्या संघटनेकडे अशी वाटणी झाली. किशपेश्त संरक्षण खात्याकडे गेला. त्याचे नाव झाले होन्वेद, म्हणजे मायभूमीचा रक्षक, सैनिक. राष्ट्रीय संघाची सूत्रे गुस्ताव शेबेश ह्यांच्याकडे होती. ज्या देशांच्या संघातील बहुतेक खेळाडू एकदोन क्लबांतून येतात ते देश जिंकतात, कारण ती माणसे रोज एकत्र खेळतात, असे त्यांचे मत होते. पुश्काश व बोझिक किशपेश्तमध्ये होतेच. मग लष्करभरतीचा कायदा कामी आला. फेरेन्त्सवारोश क्लबातून शांदोर कोचिश व लास्लो बुदाई आले. ग्युला ग्रोशिच हा गोलरक्षक आला. काही काळाने झोल्तान त्सिबोर आला. ह्या लोकांना बंदुकीपेक्षा चेंडूच अधिक हाताळावा लागला. पुश्काश तर मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोचला आणि इंग्रज पत्रकारांनी त्याला 'दौडता मेजर' ही पदवी बहाल केली.

ह्या व्यवस्थेला फळ आले नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९५० ते १९५५ ह्या काळात होन्वेदने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हंगेरीने अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाचा २-० असा पराभव करून सुवर्णपदक पटकाविले. गोल पुश्काश व त्सिबोर ह्यांचे. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे लोळविले. त्या दिवशीच्या संघातील निम्म्याहून अधिक खेळाडू होन्वेदचे होते. पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला इंग्लंडचा पुन्हा ७-१ असा धुव्वा उडाला. ४ जुलै १९५४ रोजी बर्नमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीकडून २-३ अशी हार पत्करावी लागली, तेव्हा चार वर्षांत प्रथमच हा संघ हरला होता.

हेलसिंकीचा उल्लेख आला, तेव्हा आपल्याकडची एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून १-१० असा हरला. त्याच ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ह्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. एका देशात सरकार खेळाडूला सर्व काही देत होते आणि दुसऱ्या देशात एका शिक्षकाला घर गहाण टाकावे लागत होते. हे पाहिले की कुणीही म्हणेल, हंगेरीचीच रीत बरी. मीही काही काळ तसेच म्हणत होतो. पण होन्वेदची गोष्ट येथे संपत नाही.

१३ डिसेंबर १९५४ रोजी होन्वेदचा संघ इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सविरुद्ध विजेच्या दिव्यांच्या प्रकाशात खेळला. मध्यंतराला होन्वेद २-० ने पुढे होता. मैदान मुद्दाम पाणी मारून चिखलाचे केले होते. त्या चिखलात हंगेरियनांची चपळाई रुतली आणि यजमानांनी सामना ३-२ असा जिंकला. इंग्रज वृत्तपत्रांनी आपल्या क्लबाला जगज्जेता ठरवून टाकले. हे गाब्रिएल आनो ह्या फ्रेंच पत्रकाराला रुचले नाही. खरा विजेता ठरवावयाचा तर साऱ्या युरोपातील क्लबांची स्पर्धा भरवा, असे त्याने लिहिले. त्यातूनच १९५५ साली युरोपीय चषक सुरू झाला. म्हणजे आज जगभर जी स्पर्धा पाहण्यासाठी लोक रात्री जागतात, तिच्या जन्माला होन्वेदचा एक पराभव कारण झाला.

नियतीचा खेळ पाहा. त्याच स्पर्धेने हा संघ फोडला. २३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टमध्ये उठाव झाला. ४ नोव्हेंबरला रशियन रणगाडे शहरात शिरले. त्याच महिन्यात युरोपीय चषकातील सामन्यासाठी होन्वेदचे खेळाडू परदेशात होते. २२ नोव्हेंबरला स्पेनमधील बिल्बाओ येथे ते २-३ असे हरले. परतीचा सामना घरच्या मैदानावर होणे शक्यच नव्हते, म्हणून तो २० डिसेंबरला ब्रुसेल्समध्ये झाला. खेळ चालू असता होन्वेदचा गोलरक्षक जखमी झाला. तेव्हा बदली खेळाडू घेण्याची मुभा नसे. त्सिबोर, जो डाव्या बगलेवरून धावायचा, तो गोलमध्ये उभा राहिला. सामना ३-३ असा सुटला आणि होन्वेद स्पर्धेतून बाद झाला.

आता जावयाचे कोठे? सरकारचे व फुटबॉल संघटनेचे फर्मान होते, परत या. पण कित्येकांच्या बायकामुलांनी जीव मुठीत धरून सरहद्द ओलांडली होती; त्यांत पुश्काशची पत्नी व लहान मुलगीही होती. संघाने फर्मान झुगारले व बेला गुटमान ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५७ च्या आरंभी ब्राझीलचा दौरा केला. तेथून परतल्यावर वाटा फुटल्या. बोझिक व बुदाई मायदेशी गेले. पुश्काश, कोचिश, त्सिबोर परत गेले नाहीत. त्यांच्यावर बंदी आली. जवळजवळ दीड वर्ष पुश्काशला सामना खेळता आला नाही. वजन वाढले, लोक म्हणाले संपला. १९५८ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, रेआल माद्रिदने त्याला घेतले आणि १९६० च्या युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने चार गोल केले.

ग्रोशिचही मायदेशी परतला, पण होन्वेदचे दार त्याला बंद झाले आणि त्याची रवानगी ताताबान्या ह्या खाणगावच्या क्लबात झाली. फेरेन्त्सवारोशकडून खेळण्याची त्याची इच्छा १९६२ साली नाकारली गेली. २००८ साली त्या क्लबाने त्याला सन्मानाने बोलाविले. ब्याऐंशी वर्षांचा तो म्हातारा एका मैत्रीपूर्ण सामन्याच्या आरंभी क्षणभर गोलमध्ये उभा राहिला. हुकूम देणारे केव्हाच गेले होते. त्यांनी अडवून ठेवलेली इच्छा तेवढी शिल्लक होती.

बरोबर कोण, गेलेले की परतलेले? ह्या प्रश्नावर पुष्कळ वाद घालता येईल. पळाला तो देशद्रोही, राहिला तो सरकारचा बगलबच्चा, अशा दोन सोप्या चिठ्ठ्या तयारच असतात. मला त्या दोन्ही मान्य नाहीत. १९६१ साली बार्सेलोनाकडून कोचिश व त्सिबोर युरोपीय चषकाचा अंतिम सामना खेळले, तो बर्नच्या त्याच मैदानावर. दोघांनीही गोल केले आणि तरीही त्यांचा संघ २-३ असाच हरला. जिंकलेल्या बेन्फिकाचे प्रशिक्षक होते तेच बेला गुटमान. ज्यांनी एका संघात असावे ती माणसे परक्या देशांच्या क्लबांतून एकमेकांसमोर उभी होती. चूक त्यांपैकी कुणाची नव्हती. घर किंवा खेळ ह्यांपैकी एकच निवडण्याची वेळ ज्यांनी त्यांच्यावर आणली, चूक त्यांची होती.

कुणी म्हणेल, आजचे श्रीमंत क्लबही देशोदेशीचे खेळाडू गोळा करतात; मग संरक्षण खात्याने केले तर काय बिघडले? फरक एवढाच, पण मोठा आहे. करारावर खेळाडू स्वतः सही करतो आणि त्याला मुदत असते. हुकमावर सही हुकूम देणाऱ्याची असते आणि मुदत त्याच्या मर्जीची. खेळाडूला मदत करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, ह्यात शंका नाही. पण मदत केली म्हणजे माणूस विकत घेतला, असे समजू लागले की मदतीचा साखळदंड होतो. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवले, खाशाबांना नव्हे.

होन्वेदचे पुढे काय झाले? विजेतेपद परत मिळण्यास १९८० साल उजाडावे लागले. प्रशिक्षक होता जुन्या संघातला लायोश तिची. १९९३ पर्यंत एकंदर आठ विजेतेपदे मिळाली. राजवट बदलली आणि १९९१ साली क्लबाच्या नावात 'किशपेश्त' हा शब्द पुन्हा आला. पुढे तो गेलाही. मालक बदलले, दैव फिरले. २०१७ साली चौदावे विजेतेपद आले आणि २०२३ साली संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. पण प्रेक्षक ज्या नावाने आरोळी ठोकतात ते नाव किशपेश्तच. संरक्षण खात्याने दिलेले नाव त्यांनी टाकून दिले नाही, कारण त्या नावाने त्यांना वेम्ब्ली दाखविली. मात्र हाक मारताना ते गल्लीचेच नाव घेतात.

पुश्काश १९८१ साली प्रथम मायदेशी आला. २००६ साली तो वारला, तेव्हा बुडापेस्टच्या सेंट स्टीफन बॅसिलिकामध्ये त्याला चिरविश्रांती मिळाली. बोझिक त्याच्या आधीच, १९७८ साली गेला होता. तो आयुष्यभर एकाच क्लबाकडून खेळला आणि देशासाठी १०१ सामने. किशपेश्तच्या मैदानाला आज त्याचे नाव आहे. दोघे शेजारी, एक जगभर फिरला, एक घरी राहिला. किशपेश्तचे लोक दोघांनाही आपलेच म्हणतात, आणि त्यांपैकी कुणाला तसे म्हणण्यासाठी त्यांना कोणत्याही खात्याची परवानगी लागलेली नाही.