थ्रेड : जाळ्यांना नावे होती तेव्हा

इंटरनेटच्या इतिहासात यंत्रांच्या नावांची कथा पुन्हा पुन्हा सांगितली जाते; जाळ्यांनाही नावे होती, हे मात्र विस्मृतीत गेले. सी भाषेतील ‘गेटनेटबायअ‍ॅडर’ हे फंक्शन त्या काळाचा शिलालेखच होय. त्याला ‘निरुपयोगी अडगळ’ म्हणून हिणवण्याची प्रथा इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही.

१ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने टीसीपी-आयपी स्वीकारले. त्याच वर्षी बर्कलीच्या ४.२ बीएसडी युनिक्सबरोबर हे फंक्शन आले. पत्त्याचे तेव्हा दोन भाग मानले जात : आधी जाळे, मग त्यातील यंत्र. जाळ्याचा भाग वर्गानुसार ८, १६ किंवा २४ बिटांचा. क्रमांक १० म्हणजे साक्षात आर्पानेट! फंक्शनला क्रमांक द्यावा. ते ‘नेटवर्क्स’ नावाची साधी फाइल ओळीमागून ओळ वाचते. जुळणी झाली तर नाव, उपनावे, पत्त्याचा प्रकार आणि क्रमांक अशी चार घटकांची रचना हाती येते, नाहीतर नुसता ‘नल’.

ही फाइल कोठून येई? मेन्लो पार्क येथील एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखालील माहिती केंद्र एक अधिकृत तक्ता सांभाळीत असे. त्यात यंत्रांबरोबर जाळ्यांच्याही नोंदी असत. बर्कलीचा ‘एचटेबल’ हा प्रोग्राम त्या तक्त्यातून यंत्रे, जाळी आणि गेटवे यांच्या वेगवेगळ्या फाइली काढी. डीएनएसच्या जनकांचा गौरव करताना या कारकुनी वाटणाऱ्या परिश्रमांना एक ओळही न मिळणे, हा अन्याय आहे.

१९९३ मध्ये सीआयडीआर आले आणि वर्गांच्या भिंती कोसळल्या. जाळे कोठे संपते, हे सांगायला आता मास्क हवा. जुन्या रचनेत त्याला जागाच नाही. यावरून मूळ रचनाकारांना अदूरदर्शी ठरवणे उथळपणाचे आहे. त्यांच्यापुढे जाळी मोजकी होती आणि एकेक जाळे म्हणजे बहुधा एक ओळखीची संस्था. दोष द्यायचाच तर आयपीव्ही६ चा गंधही नसलेले हे फंक्शन पॉझिक्स मानकात तसेच ठेवणाऱ्यांना द्यावा.

आर्पानेट १९९० मध्ये बंद झाले. त्याचा १० हा क्रमांक पुढे खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवला गेला. आज असंख्य कार्यालयांतील यंत्रे त्याच क्रमांकाखाली नांदतात. डेबियन लिनक्सवर ‘नेटवर्क्स’ फाइल उघडली तर ‘लूपबॅक’सारख्या दोन-तीन ओळी भेटतात. आर्पानेटची ओळ तेथे नसते.