चिलखताचा बाजार

वादळ, भूकंप, दंगल अशा प्रसंगासाठी घरात जी सामग्री सिद्ध ठेवावयाची, तिच्यात पाण्याचे कॅन, विजेरी आणि औषधे यांच्या जोडीला अमेरिकेत आता गोळीरोधक जाकीटही येऊन बसले आहे. हिंसक गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेल्यांना ते बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे, इतरांना नाही. चिलखत म्हटले की मराठी माणसाला प्रतापगड आठवतो. परंतु तेथे ते चढविणारा शत्रूच्या भेटीस निघाला होता. येथे ते किराणा आणावयास जाणाऱ्याच्या अंगावर आणि शाळकरी मुलाच्या दप्तरात आहे.

या भयाला वेडगळ म्हणून हसणे अन्यायाचे होईल. १४ मे २०२२ रोजी बफेलो शहरात एका वर्णद्वेष्ट्या तरुणाने दहा कृष्णवर्णीयांना ठार केले. वस्तीतील लोकांनी वर्षानुवर्षे मागणी केल्यावर २००३ मध्ये उघडलेले, त्या भागातील एकमेव मोठे किराणा दुकान होते ते. तेथील सुरक्षारक्षकाची गोळी मारेकऱ्याला लागलीही. पण त्याच्या अंगावरील चिलखताने ती अडविली आणि रक्षक प्राणास मुकला. संकटातील संरक्षण म्हणून जी वस्तू विकली जाते, तीच मारेकऱ्यालाही मिळते. गिऱ्हाईकाचा हेतू विचारणे हा बाजाराचा धर्म नव्हे.

न्यूयॉर्क राज्याने जूनमध्ये सामान्य नागरिकांना अशी जाकिटे विकण्यास बंदी केली. घाई इतकी की कायदा केवळ मऊ जाकिटांपुरता लिहिला गेला. मारेकऱ्याने वापरलेले पोलादी पत्रे त्यात बसतच नव्हते. ही चूक पुढे जुलैमध्ये दुरुस्त झाली. पण त्याच २३ जूनला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, पिस्तूल घेऊन हिंडण्यावर निर्बंध घालणारा त्याच राज्याचा शंभराहून अधिक वर्षांचा कायदा रद्द केला. गोळी बाळगण्याचा हक्क घटनेने दिलेला, आणि ती झेलणारे जाकीट निषिद्ध! शहाणपणाचा क्रम याच्या नेमका उलटा असता.

जाकीट तरी काय वाचविते? केव्हलारसारख्या धाग्यांचे मऊ जाकीट पिस्तुलाची गोळी अडविते. रायफलीच्या गोळीला पोलादाचे वा सिरॅमिकचे पत्रे लागतात, एकेक सुमारे तीन किलोचा. मुलांच्या दप्तरात घालावयाचे पत्रे बहुधा पहिल्या जातीचे असतात. न्यूटाउन (२०१२) आणि युवाल्डे (२०२२) येथील शाळांत मुले मेली ती रायफलीने. विक्रेता आईबापांना खोटे सांगत नसेलही, पण भय विकत घेणारा बारीक अक्षरे वाचत नाही. युवाल्डेला तर अखेरीस ३७६ पोलीस जमले होते. जाकिटे होती, रायफली होत्या. तरी मारेकऱ्याला गाठावयास ७७ मिनिटे गेली.

मग नागरिकाने भरवसा कोणावर ठेवावा? कोलोरॅडोतील एका आईने न्यायालयाचा मनाईहुकूम हाती असताना पोलिसांना रात्रभर विनविले. तिच्या तिन्ही मुली बापाच्या हातून मेल्या. त्या हुकुमाची अंमलबजावणी पोलिसांकडून करवून घेण्याचा घटनात्मक हक्क तिला नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. रक्षणाचे दायित्व राज्यसंस्था असे झटकून टाकते तेव्हा ते दुकानात विक्रीला येते. पत्र्यांसह जाकिटाला काहीशे डॉलर पडतात. ते परवडणारा माणूस एरवीही सुरक्षित वस्तीत राहतो. गल्ल्यावर बसणाऱ्या बाईला ते परवडत नाही आणि मालक तिला घेऊन देत नाही.

लष्करी धर्तीच्या रायफलींवर अमेरिकेत १९९४ पासून दहा वर्षे बंदी होती. २००४ मध्ये मुदत संपली आणि काँग्रेसने ती वाढविली नाही. बफेलो व युवाल्डेनंतर, २९ जुलै २०२२ रोजी, प्रतिनिधिगृहाने ती पुन्हा आणणारे विधेयक २१७ विरुद्ध २१३ मतांनी संमत केले. सिनेटने ते मतदानास घेतलेच नाही.