आम्ही सांगितलेली गोळी

मागच्या मे महिन्यात आमच्या हातून एक चूक घडली. शेजारच्या आजोबांच्या पोटात मुरडा आला. सूनबाई विचारायला आल्या, तेव्हा आमच्याच घरातल्या गोळ्यांचे पान आम्ही त्यांच्या हाती ठेवले. दिवसभरात तीन गोळ्या झाल्या. पोटदुखी थांबली, पण रात्री लघवीही थांबली. दवाखान्यात नळी घालावी लागली. डॉक्टरांनी विचारले, "यांना प्रोस्टेटचा त्रास आहे, मग ही गोळी कोणी दिली?" आम्ही मान खाली घातली. ऑफिसात पै-पैचा हिशेब तपासणाऱ्या आम्ही गोळीवरचे नाव वाचले नव्हते.

ते नाव डायसायक्लोमिन. धोत्र्यात जे अॅट्रोपिन असते, त्याच्यासारखेच याचे काम. मज्जातंतूंकडून आतड्याला जाणारा आवळण्याचा निरोप ते अडवते, म्हणून कळ थांबते. पण हाच निरोप लाळ, घाम आणि लघवीची पिशवी यांनाही जातो. म्हणून तोंड कोरडे पडते, नजर अंधुक होते, शौचाला कडक होते, म्हाताऱ्या माणसाची लघवी अडते. घाम आटला की अंग थंड होत नाही. नागपुरात पारा 45 वर गेलेला असताना याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

पूर्वी अल्सरवरही अशीच औषधे देत, कारण पोटातले आम्ल त्यांनी थोडे कमी होते. 1982 साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जंतू वाढवून दाखवला. पुष्कळशा अल्सरचे मूळ तोच निघाला. 2005 साली दोघांना नोबेल मिळाले. आता तपासणीत जंतू सापडला, तर जंतुनाशक गोळ्यांच्या कोर्सने अल्सर बरा होतो. तेव्हा वर्षानुवर्षे कळ दाबत बसू नका.

भगिनींनो, एवढे लक्षात ठेवा. सहा महिन्यांच्या आतील बाळाला डायसायक्लोमिनचे थेंब देऊ नयेत. त्याचा श्वास अडू शकतो. काचबिंदू किंवा प्रोस्टेट असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. पोट फुगून उलट्या होत असतील, शौच काळी होत असेल, तर गोळी शोधू नका. तडक मेडिकल किंवा मेयो गाठा.

आजोबा बरे झाले. आजही ते आम्हाला चहाला बोलावतात. आम्ही मात्र आता कोणालाही औषध सांगत नाही. पानावरचे नाव वाचून दाखवतो, आणि डॉक्टरांकडे सोबत जातो.