नायकच प्रस्तावना लिहितो तेव्हा
कादंबरीची ओळख लेखकाने किंवा समीक्षकाने करून द्यावी, असा रिवाज आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) हे काम नायकच उरकतो. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर सुरुवातीलाच नाव सांगतो, वय २५ सांगतो, सांगण्यासारखे एवढेच असे बजावतो आणि मग अख्खी कादंबरी सांगत बसतो. त्याचे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ गंभीर वाक्याचीही हवा काढतात. पुण्यातले वसतिगृह, मेसचा कारभार, वडिलांचे उधळलेले पैसे, नापास होऊन गाठलेले गाव, सगळे तो याच सुरात मांडतो. विनोदाच्या पोटात मात्र दुःख आहे: धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते आणि त्या पानांवर हसू थांबते. त्याआधीचे हसू खरे असल्यानेच हा आघात जिव्हारी लागतो. मराठीत नायकाने करून दिलेली याहून चांगली ओळख नाही. गावाहून शहरात शिकायला येऊन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराने ही कादंबरी पहिल्या वर्षीच वाचावी. गाव आणि शहर यांच्यामध्ये अडकलेल्या मनाचा इतका प्रामाणिक जबाब दुसरीकडे मिळत नाही.