सीताबेंगराला अथेन्सचा दाखला कशाला?

सरगुजा जिल्ह्यातल्या रामगढ डोंगरात सीताबेंगरा नावाची गुहा आहे. पुरातत्त्व खात्याच्या टी. ब्लॉख यांनी १९०३-०४च्या अहवालात तिचे वर्णन केले. तिथल्या अर्धवर्तुळाकार बैठका पाहून त्यांना ग्रीक नाट्यगृह आठवले. आज आम्ही छत्तीसगडवाले तीच गुहा जगातले सर्वांत जुने नाट्यगृह म्हणून मिरवतो. एकाने ती ग्रीकांच्या मागे उभी केली, दुसऱ्याने पुढे. मोजपट्टी मात्र दोघांचीही अथेन्सची.

ग्रीकांचा नीट अभ्यास केला, तर दोन्ही दावे ढासळतात. अथेन्सला अक्रोपोलिसच्या उतारावर, उघड्या आकाशाखाली, हजारो प्रेक्षक बसत. इथे खडकात कोरलेली लहानशी खोली आहे. सोफोक्लीसची नाटके इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातली. रामगढचे लेख सामान्यतः तिसऱ्या-दुसऱ्या शतकातले मानतात. मग 'सर्वांत जुने' कसे? आणि गुहेचे कोडे सोडवायला अथेन्सलाच का जायचे? नाट्यगृह डोंगरातल्या गुहेच्या आकाराचे असावे, असे भरताचे नाट्यशास्त्रच सांगते.

'यवनिका' या शब्दावरून संस्कृत नाटकाचा उगम ग्रीसमध्ये शोधणाऱ्यांचेही तेच. शब्द फार तर पडद्याचे कापड कुठून आले ते सांगेल. नाटक कुठून आले ते नव्हे. मी भिलाईत, सेक्टर ६मध्ये राहतो. इथला कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, म्हणून इथल्या पोलादाला कोणी रशियन म्हणत नाही. देवघेव वेगळी, उगम वेगळा.

ग्रीस म्हणजे एकट्या युरोपचा पाळणा, या समजुतीला मार्टिन बर्नाल यांनी १९८७मध्ये 'ब्लॅक अथेना'तून आव्हान दिले. त्यांच्या अनेक मुद्द्यांवर अभ्यासकांनी कडक टीका केली, पण प्रश्न मागे हटला नाही. पाश्चात्त्य विद्यापीठे आपली मोजपट्टी तपासत असताना आपण ती गळ्यात घालून का फिरावे?

ग्रीक वाचू नका, असे मी म्हणत नाही. उलट जास्त वाचा. पु. ल. देशपांडे यांनी सोफोक्लीस 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणला. तो आपला गुरू की शिष्य, हे त्यासाठी ठरवावे लागले नाही. सीताबेंगराशेजारच्या जोगीमारा गुहेत सुतनुका नावाची देवदासी आणि तिच्यावर प्रेम करणारा वाराणसीचा देवदिन्न यांचा प्राकृत लेख आहे. पर्यटकांना आधी तो वाचून दाखवा. जगातल्या पहिल्या क्रमांकाची पाटी खाली उतरवली, तरी त्या दोघांचे काही कमी होणार नाही.